खोट्यासकट दोन पॉइंट नऊ

मी सायकलला मीटर लावलं ते हौसेनं नाही, रागानं लावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या मीटरच्या नावानं गावात नंतर बरंच काही बोललं गेलं. पोरीला शहराचं वारं लागलं, नखरे सुचायला लागले, वगैरे. नखरे करायला मला वेळ कुठला? सकाळी तलावावरून मासे उचलायचे, कॅरिअरला बांधलेल्या डब्यात भरायचे आणि ऊन चढायच्या आत चार गावं फिरून विकून मोकळं व्हायचं, हा माझा धंदा. आमच्यातल्या बायका टोपली डोक्यावर घेऊन जात. मी बाबांची उंच काळी सायकल घेतली, मधल्या दांड्यासकट. त्यावरूनही बोलणी खाऊन झालीच होती, त्यामुळे मला सवय होती.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेकडे उतरणाऱ्या एका नाल्याच्या काठी. गावाचं पोट एका जुन्या तलावावर. तो तलाव बेशरमच्या झुडपांनी भरून गेला होता तोवर कोणाला नको होता. आमच्या बायकांनी दोन उन्हाळे गुडघाभर चिखलात उभं राहून ती झुडपं उपटली. बाबांनी कतला-रोहूची बोटाएवढी पिल्लं डब्यातून आणून सोडली. पिल्लं मोठी झाली, जाळ्यात चांगले मासे यायला लागले आणि तलाव एकदम सगळ्यांच्या नजरेत भरला.

डांबरी रस्त्यावर एक मोठं गाव होतं. त्यांची मासेमारी संस्था होती, आमचीही होती. आमच्या संस्थेत बारावी शिकलेली मी एकटीच, म्हणून चिटणीस मी. तलावाची आमची लीज संपली तशी दोघांनीही तलाव मागितला. नियम असा की ज्या संस्थेचं गाव तलावाच्या जास्त जवळ, तिला पहिला मान. मी निवांत होते. आमच्या गावातून पायवाटेनं निघालं की चालत अर्ध्या तासात तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, येते. पण ऑफिसातून कागद आला, त्यात रस्त्यावरचं गाव तीन किलोमीटरवर आणि आमचं पाच किलोमीटरवर.

मी तो कागद घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. साहेब म्हणजे तलाव वाटून देणारे अधिकारी, बाहेरून बदलून आलेले, वागायला तसे वाईट नव्हते.

"हे पाच कुठून आणलं?" मी विचारलं.

"जीपच्या मीटरवर मोजलं, बाई."

जीप आमच्या पायवाटेनं जातच नाही. ती नाल्याला वळसा घालून, डांबरी रस्त्यानं फिरून जाते. म्हणजे जिकडून साहेबांची जीप जाते तेवढाच रस्ता, आणि आमचे पाय जिकडून जातात ते काहीच नाही! मी तसं तोंडावर म्हटलं. साहेबांना राग आला नाही, हसू आलं. "पायवाट मोजून आणा मग. पण अंदाज चालणार नाही. मीटर पाहिजे."

आम्ही मासे जीपमधून नेत नाही, सायकलवरून नेतो. तर मीटर सायकललाच लागेल, असं मी ऑफिसच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं.

एस.टी.नं नागपूरला गेले. सायकलींच्या मोठ्या दुकानात काचेच्या कपाटात दोन डबे होते. एकात वायरवालं मीटर, दुसऱ्यात बिनवायरचं. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला छोटं चुंबक बसवायचं, ते फिरत फिरत चिमट्यावरच्या डबीसमोरून गेलं की डबी हँडलवरच्या घड्याळाला खूण पाठवते. किती खुणा झाल्या त्यावरून वेग आणि अंतर. वायरवाल्यात खूण वायरीतून जाते, दुसऱ्यात हवेतून. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "दीदी, वायरवाला ले लो. इसमें झंझट नहीं."

मी त्याला माझी वाट सांगितली. दोन्ही बाजूंनी बांबू, भराटीचे काटे, वर हँडलला अडकवलेल्या पिशव्या. वायर पहिल्याच दिवशी तुटेल. बिनवायरच्या डब्यात शिवाय पायडलची वेगळी डबी होती. मिनिटाला पायडलचे किती फेरे होतात ते ती दाखवायची. तिचा मला काय उपयोग, हे दुकानदारालाही सांगता आलं नाही. पण ती सोबतच येत होती. मी बिनवायरचं घेतलं. शहाण्या माणसाचं न ऐकता घेतलं, आणि त्याची किंमत पुढे मोजली, तरी ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

गडचिरोलीच्या बस स्टँडमागे मिस्त्री चाचांचं सायकलचं दुकान होतं. मी पहिल्यांदा सायकल घेऊन गेले तेव्हा "बाईमाणसाले उंच सायकल काऊन?" असं न विचारता सीट खाली करून देणारा हा एकच माणूस. त्यांनी डबा उघडून सगळं उलटंपालटं करून पाहिलं.

"बेटी, वायरलेस तं पोलिसाजवळ असते. तू काऊन घेऊन आली?"

"मले लढाई आहे, चाचा."

"मंग बरोबर आहे," म्हणाले आणि पान्हा उचलला.

ते मीटर हलक्या, शहरी सायकलींसाठी बनवलेलं. सोबतच्या पुस्तकात टायरच्या मापांचा तक्ता होता, त्यात आमचं टायरच नव्हतं. मग मी टायरवर चुन्याची रेघ मारली, डब्यात माशांच्या वजनाचे दगड भरले, स्वतः सीटवर बसले आणि चाचांनी सायकल हळूहळू ढकलली. चुन्याचा ठसा जमिनीवर दोनदा उमटला. दोन ठशांमधलं अंतर टेपनं मोजलं, ते दोन मीटर बावीस सेंटीमीटर भरलं. तो आकडा मी मीटरमध्ये घातला. रिकाम्या सायकलचं माप घेतलं असतं तर चुकलं असतं, कारण वजन पडलं की टायर दबतं. हे पुस्तकात नव्हतं, ते चाचांना ठाऊक होतं.

तरी आकडा हलेना. चिमट्यावरची डबी चुंबकापासून लांब पडत होती. चाचांनी जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून डबीखाली सारला, तेव्हा दोघांमध्ये नखाएवढी फट राहिली. आता डबीतला दिवा लागायचा, पण घड्याळ ढिम्म. आमच्या सायकलचं हँडल उंच, खालून निघालेली खूण तिथपर्यंत पोचत नव्हती. डबी वर सरकवली, चुंबकही तेवढंच वर घेतलं, आणि चाक फिरवल्याबरोबर आकडे उठले. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं चुंबक डाव्या पायडलच्या दांड्याला बसलं. चाचांनी हातानं पायडल गरगर फिरवून पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले.

"तू चहा पिऊन ये," ते म्हणाले. "तोपर्यंत मी चाकाचा आऊट काढून ते सरळ करून ठेवतो."

मी चहा प्यायला गेले. तिथंच घात झाला.

दोन दिवसांनी साहेबांचा कारकून गावात आला. मी मुद्दाम रस्त्यावरच्या संस्थेच्या अध्यक्षालाही बोलावलं होतं. चाळिशीतला, पांढरे कपडे, खिशात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. सगळ्यांसमोर मी छातीठोकपणे सांगितलं, "हे मशीन जे सांगेल ते मले मंजूर." आणि पायवाटेनं निघाले. मधे नाल्यात दगड आहेत, तिथं उतरून सायकल ढकलावी लागते, तेवढी ढकलली. पाळीवर पोचले आणि घड्याळ पाहिलं. चार पॉइंट तीन.

मला वाटलं माझे डोळे फिरले. अध्यक्षानं वाकून आकडा वाचला आणि मोठ्यानं वाचला. "चार पॉइंट तीन! बाई, आमचं गाव तं तीनवरच आहे. तुह्या मशीननं तं आमचंच काम करून टाकलं."

त्याची माणसं हसली, कारकूनही हसला. आमच्या बायका पाठ फिरवून गावाकडे निघाल्या, ते मला जास्त लागलं. बाबांनी माझ्या हातातून सायकल घेतली आणि परत नाल्याच्या दिशेनं ढकलत निघाले. मी इतकी चिडले होते की मला रडूही आलं नाही. आमच्या गावातून तलाव चार किलोमीटर असूच शकत नव्हता. माझे पाय रोज ती वाट चालत होते, त्यांना काय अक्कल नव्हती? मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन साहेबांकडे आठ दिवस मागितले. ते म्हणाले, "शेवटची संधी. मी स्वतः येईन. त्या दिवशी पाळीवर मशीन जे दाखवेल ते लिहीन. नंतर कुरकूर नको."

"मंजूर," मी म्हटलं. जीभ माझीच, आवरत नाही.

डांबरी रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. एका दगडाशी मीटर शून्य केलं, पुढच्या दगडाशी थांबले. मीटरनं दोन किलोमीटर दाखवले. पुढच्या दगडाशी चार. चुकत होतं, पण बरोब्बर दुप्पट चुकत होतं. मी सायकल आडवी पाडून एकेक स्पोक चाचपला. चुंबकाच्या बरोबर समोरच्या बाजूला, काळ्या चिंधीत गुंडाळलेलं, दोऱ्यानं पक्कं बांधलेलं दुसरं चुंबक होतं.

मी तशीच चाचांच्या दुकानात गेले. चिंधी त्यांच्यापुढे धरली.

"हे काय आहे?"

"बॅलन्स," ते अभिमानानं म्हणाले. "एकाच बाजूले चुंबक लावलं तं चाक जड पडून राह्यलं होतं. मी रेडिओच्या जुन्या स्पीकरचं काढून समोरून लावलं. आता पाह्य कसं फिरते!"

जन्मभर चाकं सरळ करण्यात गेलेला माणूस. एका बाजूला जड पडलेलं चाक त्यांना बघवेना, म्हणून मला न सांगता, जास्तीचं काम म्हणून ते केलं होतं. चाकाचा एक फेरा म्हणजे आता दोन खुणा होत होत्या. मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पान्हा खाली ठेवला. मी ओरडायलाच आले होते. मी म्हटलं, "चाचा, वजन ठेवा. चुंबक काढा." त्यांनी तेवढ्याच वजनाचा शिशाचा तुकडा बांधला. गाठ पक्की होती.

आता दगडापासून दगडापर्यंत बरोबर एक किलोमीटर येऊ लागलं. मी पायवाटेनं गेले. दोन पॉइंट चार. तीनपेक्षा कमी, म्हणजे आम्ही जिंकलो होतो. पण मला चैन पडेना. पहिल्या दिवशीच्या चार पॉइंट तीनचं अर्धं केलं तर दोन पॉइंट चार येत नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "दोनच्या आतच आहे ते. मले मशीन काऊन पाह्यजे?"

मग मी ती वाट हळूहळू, थांबत थांबत गेले. नाल्यापर्यंत ठीक, शून्य पॉइंट आठ. नाल्यावरून चंद्रपूरकडच्या मोठ्या विजेच्या तारा जातात, उंच लोखंडी मनोऱ्यांवरून. खाली उभं राहिलं की डोक्यावर सतत गुणगुण ऐकू येते. आमच्या घरातला दिवा महिन्यातले निम्मे दिवस जात नसेल तर शपथ, आणि त्या तारा आमच्याच डोक्यावरून शहराला वीज नेतात. मी तिथं सायकल थांबवली. दोन्ही पाय जमिनीवर होते, चाक स्थिर होतं, आणि घड्याळात वेग चाळीस! अंतर भराभर वाढत होतं.

आधी वाटलं, चुंबक डबीसमोर येऊन थांबलं असेल. चाक हातानं अर्धं फिरवलं. तरी चाळीस. मग बटण दाबून पायडलचा आकडा पाहिला. कोणी पाय लावलेला नसताना मिनिटाला नव्वद फेरे. तेव्हा कळलं. फक्त चाकाचा आकडा चुकला असता तर चुंबकाचा दोष म्हटला असता. दोन्ही आकडे बिनसले म्हणजे दोष बाहेरून येत होता. हवेतून खूण ऐकणारं माझं मशीन त्या तारांची गुणगुणही खूण समजून मोजत होतं. नागपूरहून निरुपयोगी म्हणून आणलेल्या पायडलच्या डबीनं मला हे सांगितलं.

सेल बदलले. घड्याळाला चांदीचा कागद गुंडाळला, ओलं फडकं बांधलं, डबी अजून जवळ घेतली. काही फरक पडला नाही. तारांखाली जितका वेळ राहाल तितकं अंतर वाढणार. मी नाला ओलांडेपर्यंत मशीन अर्धा किलोमीटर खोटं धरत होतं, आणि ते खोटं आमच्याच विरुद्ध होतं.

बाबांनी महाजाळाचा दोर काढला. त्यावर प्रत्येक वावावर गाठ असते, वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर. तारांखालचा तुकडा आम्ही दोरानं मोजला. शंभर मीटरच्या आसपास भरला. नाल्याअलीकडचे शून्य पॉइंट आठ, हे शंभर मीटर आणि पलीकडचा एक किलोमीटर मिळून खरं अंतर एक पॉइंट नऊ. मी ते साहेबांना आधीच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "जाळ्याचा दोर मी कागदावर कसा लिहू? आणि मशीन तुमचंच ना?"

ठरल्या दिवशी साहेब आले. अध्यक्ष आला, बरोबर वीसेक माणसं. साहेबांनी मीटर शून्य केलं, बटणावर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर सही ठोकली. म्हणाले, "आता याला कोणी हात लावायचा नाही. माझ्या नजरेआड मशीन न्यायचं नाही." आधी अध्यक्षाचं गाव मोजलं. मी सायकल चालवली, साहेब जीपमधून शेजारून. तीन पॉइंट एक. अध्यक्षानं मान डोलावली. मग नवी पट्टी, नवी सही, आणि आमची पायवाट. जीप आमच्या गावातच राहिली. साहेब चालत निघाले, मी त्यांच्या बाजूनं सायकल ढकलत.

नाल्यावर शून्य पॉइंट आठ होते. मला एकच घाई होती, पटकन पलीकडे जायचं. आणि तिथंच, बरोबर तारांखाली, अध्यक्षानं साहेबांना दगडावर बसवलं.

"साहेब, घाम आला तुमाले. बसा जरासे. पाणी घ्या."

साहेब बसले. पाणी प्याले. अध्यक्षानं खर्रा घोटायला घेतला, सावकाश. त्याला तारांचं ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. मी ऑफिसात बोलले होते आणि ऑफिसातल्या भिंतींचे कान तेव्हा त्याचेच होते. एक पॉइंट दोन. एक पॉइंट चार. मी सायकल धरून उभी, घड्याळाकडे बघत. नाल्यापासून पाळीपर्यंत पूर्ण एक किलोमीटर उरला होता. इथं दोनच्या वर गेलं की पाळीवर तीनच्या वर जाणार. दोन उन्हाळ्यांचा चिखल, बाबांनी डब्यातून आणलेली पिल्लं, सगळं त्या डबड्यात सरकत होतं. एक पॉइंट सहा. साहेब विचारत होते, इकडे मरळ मासा मिळतो का.

"साहेब," मी म्हटलं. आवाज चढलाच. "तुमी जितके वेळ इथी बसान, तितकं आमचं गाव दूर जाऊन राह्यलं. पाहा!"

ते उठून आले. चाक उभं होतं. त्यांनी स्वतः वाकून चाकावर हात ठेवला, म्हणजे ते फिरत नाही याची खात्री केली. घड्याळात एक पॉइंट सात. त्यांच्या डोळ्यांदेखत एक पॉइंट आठ झाले. अध्यक्षाचा खर्रा घोटता हात थांबला.

"चला," साहेब म्हणाले, आणि पुढे स्वतःच भराभर चालायला लागले. शेवटचे दगड मी सायकल खांद्यावर घेऊन ओलांडले.

पाळीवर बायका उभ्या होत्या. घड्याळात दोन पॉइंट नऊ. मी डोळे मिटून उघडले, परत वाचलं. दोन पॉइंट नऊ.

साहेबांनी कागद काढला, पेन काढलं आणि थांबले. बाबा दोर घेऊन शेजारी उभे होते. साहेबांनी दोराकडे पाहिलं, मग मला हळूच म्हणाले, "खरं एक पॉइंट नऊ आहे ना? तसं लिहू का? मी पाहिलं सगळं."

चांगल्या मनानं म्हणाले होते ते. पण माझ्या अंगात आठ दिवसांचा राग होता, कारकुनाचं हसणं होतं.

"नाई," मी म्हटलं. "काल दोर चालत नव्हता, तं आजही नाई. जे दिसते ते लिहा. तारांचं खोटं धरून, तुमचं बसणं धरून, यांचा खर्रा धरून. आमच्या विरुद्धचं सारं मोजूनही आमीच जवळ आहो. तेच लिहा."

त्यांनी दोन पॉइंट नऊ लिहिलं, खाली सही केली. अध्यक्षानंही केली, मीच पेन त्याच्या हातात दिलं. बाबा मला एवढंच म्हणाले, "आजपासून मी रोज एक किलोमीटर जास्त चालून राह्यलो तं मंग." आणि हसले. मग मात्र मी रडले, सगळ्यांसमोर, लाज न धरता.

तलाव आजही आमचा आहे. लीज संपते, नवी होते, साहेब बदलतात. मध्ये एका नव्या साहेबांनी कागद पाहून सांगितलं, "बाई, इथं चूक दिसते. नकाशावर तर अंतर बरंच कमी येतं. दुरुस्त करून देतो."

मी राहू द्या म्हटलं. त्यांनी का विचारलं तर सांगितलं, तो जास्तीचा एक किलोमीटर आम्ही जिंकलेला आहे. ज्याला तलाव हवा असेल, त्यानं आधी तेवढा चालून यावा.